पाण्यातून वीज सोडली, पण बाहेर पडलं ते काय?

विद्युत अपघटनाच्या, म्हणजे वीज सोडून पदार्थाचे घटक वेगळे करण्याच्या प्रयोगात ऋणाग्रावरचा (बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या तारेवरचा) वायू पेटत्या काडीने 'फट्ट' वाजला की हायड्रोजन, धनाग्रावरच्या (धन टोकाच्या तारेवरच्या) वायूत विझत आलेली काडी पुन्हा पेटली की ऑक्सिजन. या खुणा विद्युत अपघटनाहून जुन्या आहेत. रसायनशास्त्रज्ञ कॅव्हेंडिशने हायड्रोजनचं वर्णन १७६६ मध्ये केलं होतं. ऑक्सिजनमध्ये मेणबत्ती लख्ख जळते हे प्रिस्टलीने १७७४ मध्ये पाहिलं, आणि त्याच वर्षी शेले क्लोरीनपर्यंत पोहोचला. वनस्पतींच्या रंगांवरून आम्ल ओळखण्याची रीत तर सतराव्या शतकातल्या बॉइलच्या काळातली.

म्हणजे व्होल्टाने १८०० साली बॅटरी जाहीर केली तेव्हा चाचण्या तयारच होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात निकल्सन आणि कार्लाइल यांनी पितळी तारा पाण्यात सोडल्या. एका तारेवर हायड्रोजनचे बुडबुडे आले, दुसरी तार मात्र नुसतीच काळवंडली. ऑक्सिजन तिनेच खाऊन टाकला होता. प्लॅटिनमच्या तारा घेतल्यावर तिथेही वायू सुटू लागला. निष्क्रिय, म्हणजे स्वतः क्रिया न करणारे इलेक्ट्रोड (वीज आत नेणाऱ्या तारा) वापरायचे ते यासाठी. थोड्याच दिवसांत क्रुकशँकने क्षारांच्या द्रावणांतून वीज सोडून तारेवर तांबं आणि शिसं जमवून दाखवलं.

खरा घोळ लिटमसने, म्हणजे आम्लात लाल आणि अल्कलीत निळ्या होणाऱ्या वनस्पतिज रंगाने घातला. शुद्ध समजल्या जाणाऱ्या पाण्यातही एका तारेपाशी आम्ल आणि दुसरीपाशी अल्कली दिसे. वीजच हे पदार्थ निर्माण करते, असं काहींना वाटू लागलं. हंफ्री डेव्हीने तो संशय चिवटपणे निस्तरला. काचेतून क्षार झिरपत असतील म्हणून त्याने अकीकाचे पेले घेतले, मग सोन्याचे. पाणी चांदीच्या भांड्यात पुन्हा ऊर्ध्वपातित केलं (उकळून वाफ पुन्हा थंड केली), तेव्हा अल्कली गेली, आम्ल राहिलंच. ते हवेतल्या नायट्रोजनपासून होत होतं. हवा काढून हायड्रोजन भरल्यावर लिटमसचा रंग जराही बदलला नाही. १८०६ मध्ये त्याने हे रॉयल सोसायटीपुढे मांडलं. माझ्या मते पुढच्या वर्षीच्या पोटॅशियमच्या शोधाइतकंच हे काम मोठं आहे, पण त्याचा बोलबाला कमी.

चाचणी पदार्थ कोणता ते सांगते, तो आला कुठून हे सांगत नाही. फॅरडेने १८३४ च्या सुमारास प्रवाहाने थेट सुटलेलं उत्पादन आणि नंतरच्या रासायनिक क्रियेने झालेलं उत्पादन वेगळं काढलं, ते याच अडचणीतून.

आयोडीनने स्टार्च निळा होतो हे १८१४ मध्ये नोंदलं गेलं. पाण्याच्या अपघटनात येणाऱ्या एका विशिष्ट वासावरून शोनबाइनने १८४० मध्ये ओझोनला नाव दिलं, आणि पुढे तो ओळखण्यासाठी आयोडाइड-स्टार्चचा कागद वापरला: ओझोन आयोडाइडमधून आयोडीन मोकळं करतो आणि स्टार्च निळा होतो. तोच कागद क्लोरीननेही निळा पडतो. त्यामुळे मिठाच्या द्रावणात धनाग्रापाशी तो निळा झाला तरी क्लोरीनवर लगेच शिक्कामोर्तब करू नये. ओला निळा लिटमस आधी लाल होऊन मग रंग उडतो का, तेही पाहावं.