चळतीतल्या उष्णतेचा हिशेब

‘पाण्यापासून हायड्रोजन, कार्यक्षमता शंभर टक्क्यांहून जास्त!’ अशी बातमी अधूनमधून वाचायला मिळते. तो आकडा खोटा नसतो, पण हिशेब अर्धाच मांडलेला असतो. ८०० अंश सेल्सिअसला एक मोल, म्हणजे १८ ग्रॅम, वाफ फोडायला सुमारे २४८ किलोज्यूल ऊर्जा लागते. त्यातली १८९ विजेच्याच रूपात द्यावी लागते, उरलेली ५९ उष्णतेतून भागते. बातमीत मोजलेली असते फक्त वीज. पाणी म्हणजे हायड्रोजनची राख. राखेचं पुन्हा लाकूड करायचं तर जळताना बाहेर पडली तेवढी ऊर्जा परत घालावीच लागते. त्यामुळे पाण्यावर चालणाऱ्या गाडीचा दावा कुणी कितीही छातीठोकपणे केला तरी त्यावर विश्वास ठेवू नये.

मला मात्र त्या ५९ किलोज्यूलचं भारी कुतूहल आहे, कारण घन ऑक्साइड इलेक्ट्रोलायझर, म्हणजे तापलेल्या सिरॅमिकच्या घटांत विजेने वाफ फोडणारं यंत्र, मोठा करताना खरा पेच तिथेच पडतो.

यातला घट म्हणजे सिरॅमिकची पातळ चकती. झिर्कोनियात (झिर्कोनियमच्या ऑक्साइडात) थोडा यिट्रिया (यिट्रियमचं ऑक्साइड) मिसळला की स्फटिकात ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहतात आणि तापलेल्या चकतीत ऑक्सिजनचे आयन या जागांवरून उड्या मारत पलीकडे जातात. वाफेतला ऑक्सिजन असा निघून गेला की मागे हायड्रोजन उरतो. एका घटाला जेमतेम १.३ व्होल्ट लागतात, म्हणून मधेमधे धातूचे पत्रे घालून घट एकावर एक रचतात आणि त्यांची चळत करतात. अशी दहा घटांची चळत मंगळावरही पोचली. नासाच्या ‘मॉक्सी’ या उपकरणाने २०२१ ते २०२३ या काळात तिथल्या कार्बन डायऑक्साइडपासून १२२ ग्रॅम ऑक्सिजन बनवला. माणसांना मंगळावरून उचलणाऱ्या यानाला तो सुमारे २५ टन लागेल. मग घटांची संख्या वाढवली की झालं, असं वाटतं. तसं होत नाही.

८०० अंशांच्या आसपास १.२९ व्होल्टला वाफेचा घट उष्णतेच्या दृष्टीने समतोल असतो. व्होल्टेज त्याहून कमी असेल तर तो उष्णता शोषतो, जास्त असेल तर बाहेर टाकतो. किती, तर विद्युतधारा गुणिले १.२९ पासूनचा फरक. प्रयोगशाळेतला एक चौरस सेंटिमीटरचा घट १.२ व्होल्टला, एक अँपिअर धारेवर, ०.०९ वॅट शोषतो. भोवतालची भट्टी ती तूट भरून काढते, कुणाला पत्ताही लागत नाही. आता शंभर घट घ्या, प्रत्येकातून शंभर अँपिअर. तूट झाली ९०० वॅट, तीही भट्टीची ऊब सहज पोचत नाही अशा गाभ्यातून. गाभा थंडावतो, कडा गरम राहतात. सिरॅमिक आणि धातू कमीजास्त प्रसरण पावतात आणि मधली काचेची सीलं तडकू शकतात.

पण चळत स्वतःला सावरतेसुद्धा, आणि मला यातलं हेच सगळ्यात सुंदर वाटतं. घट एकसरीत जोडलेले, म्हणून सगळ्यांतून धारा एकच. एखादा घट थंडावला की त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो, त्याचं व्होल्टेज चढतं, म्हणजे तो कमी उष्णता शोषतो आणि पुन्हा तापतो. एकाच चकतीच्या आत मात्र गणित फिरतं. तिथे व्होल्टेज सगळीकडे सारखं असतं आणि धारा जागोजागी बदलते. गरम ठिकाणी रोध कमी, म्हणून धारा जास्त. व्होल्टेज १.२९ च्या खाली असेल तर ते ठिकाण जास्त उष्णता शोषून निवतं; वर असेल तर आणखी तापतं आणि आणखी धारा ओढतं. घट जुने होतात तसा त्यांचा रोध वाढतो. धारा तेवढीच ठेवली तर व्होल्टेज हळूहळू चढत जातं आणि सुरक्षित बाजूला सुरू झालेली चळत काही काळाने १.२९ ची सीमा ओलांडू शकते. छोट्या घटावरच्या प्रयोगात हे दिसत नाही. त्यासाठी गणिती प्रारूप लागतं.

वाफेची वाटणी हा दुसरा पेच. शंभर अँपिअरला प्रत्येक घट तासाला सुमारे ३४ ग्रॅम वाफ फोडणारच, कारण धारा ठरलेली आहे. सरासरी ८० टक्के वाफ वापरायचं ठरवलं आणि एखाद्या घटाला वीस टक्के कमी मिळाली, तर त्याच्यातली वाफ पूर्ण संपते.

शंभर घटांतली वाफेची प्रत्येक नळी संगणकावर काढायची तर समीकरणांचा डोंगर होतो. म्हणून सगळी चळत एकच ठोकळा मानतात. लाकडात रेषेच्या दिशेने उष्णता भरभर जाते, आडवी सावकाश. तसंच इथे धातूच्या पत्र्यांना समांतर वहन चांगलं, थरांच्या आरपार कमी. घटाचा रोध तापमानानुसार कसा बदलतो, ती माहिती छोट्या घटावरच्या मोजणीतून या ठोकळ्यात घालतात.

प्रारूप बरोबर आहे का हे तपासताना मी आधी दोन्ही टोकांचे घट बघतो. चळत १.२९ व्होल्टच्या वर चालून स्वतः उष्णता टाकत असेल तर तिथून ती बाहेर झिरपते, म्हणून ते थंड, आणि म्हणून त्यांचं व्होल्टेज मधल्या घटांहून चढं असायला हवं. चळतीच्या आत तापमापक घालणं अवघड असतं; प्रत्येक पत्र्याला एक तार जोडून व्होल्टेज वाचणं त्या मानाने सोपं.