वाचवायला आले, टेकडी ओरबाडून गेले

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याच्या उत्तर सीमेवर, लॉस पिनोस नदीच्या काठी, गोट्यांनी भरलेली एक टेकडी आहे. उंची 1,900 मीटरच्या वर, भोवती पाइन आणि ज्युनिपरची खुरटी झाडं. 1958 साली फ्रेड नोल्टन यांना इथे एक निवडुंग सापडला. निसर्गात तो वाढतो तो एवढ्या एकाच जागी.

बांधावरचा फड्या निवडुंग (तोही मूळचा अमेरिकेचाच) पुरुषभर उंच होतो. नोल्टनचा निवडुंग जेमतेम सुपारीएवढा. काटे इतके बारीक की टोचतही नाहीत. पाऊस नसला की खोड आकसतं, मातीत खाली जातं आणि गोट्यांमध्ये दिसेनासं होतं. वसंतात गुलाबी फुलं येतात, तेव्हा मात्र लपणं संपतं.

शोध लागून दोनच वर्षं झाली होती. जवळच सॅन हुआन नदीवर नवाहो धरण बांधलं जात होतं. जलाशयात ही टेकडी बुडणार, असा समज पसरला आणि निवडुंगाचे शौकीन 1960 मध्ये तिथे पोचले. दिसेल ते रोप त्यांनी उपटून नेलं, हजारोंनी नेलं. धरण झालं, पाणी साठलं, पण टेकडीपर्यंत आलंच नाही! हेतू चांगला होता म्हणून सोडून द्यावंसं वाटतं. पण दुर्मीळ रोप फुकटात हाती येत होतं, हेही खरंच.

जात टिकली ती न दिसलेल्या बारक्या रोपांमुळे आणि मातीत पडून राहिलेल्या बियांमुळे. 1979 मध्ये अमेरिकेने तिला संकटग्रस्त ठरवलं. पुढे टेकडी 'द नेचर कॉन्झर्व्हन्सी' या संस्थेकडे आली, तिच्याभोवती कुंपण घातलं गेलं. रानातून काढलेल्या रोपांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारालाही बंदी आहे.

1985 पासून जवळच्या दुसऱ्या जागी कलमं लावून पाहिली. ती जगली, फुललीही. पण कलमं लावणं वेगळं आणि नवी वस्ती उभी राहणं वेगळं. बी रुजायला पाऊस वेळेवर हवा, कोवळं रोप कोरड्या दिवसांत तगायला हवं आणि सशा-उंदरांच्या तोंडातूनही सुटायला हवं. त्या लावलेल्या कलमांभोवती आपसूक उगवलेली रोपं फारच थोडी सापडली.