लाल रेघ एकाची, बदललेला शब्द दुसऱ्याचा

‘कॉम्प्युटर माझं लिहिलेलं परस्पर बदलतो, ते आधी बंद करून दे’ अशी तक्रार करणाऱ्या माणसाने बहुधा एक उपाय स्वतःच करून पाहिलेला असतो. लाल रेघा बंद केलेल्या असतात. रेघा जातात, पण शब्द बदलायचे काही थांबत नाहीत. थांबणार कसे? रेघ ओढतो तो स्पेलचेक आणि शब्द बदलतो तो ऑटोकरेक्ट. दोघांची बटणं वेगळी, कामाची पद्धत वेगळी आणि बिघाडही वेगळे.

नारायण पेठेतल्या जुन्या छापखान्यांच्या भाषेत सांगायचं तर स्पेलचेक हा मुद्रितशोधक. समासात खूण करतो, शंका विचारतो, मजकुराला हात लावत नाही. ऑटोकरेक्ट हा खिळे जुळवता जुळवता स्वतःच्या मनाने मजकूर सुधारणारा जुळारी. आपल्या डोक्याला ताप होतो तो याचा.

स्पेलचेककडे शब्दकोश असतो. तुमचा शब्द त्यात सापडला नाही की खाली रेघ, बस्स. ऑटोकरेक्टकडे मुळात दोन रकान्यांची एक यादी असते. डावीकडे काय टाइप केलं, उजवीकडे त्याजागी काय घालायचं. डावीकडचं हुबेहूब जुळलं आणि तुम्ही स्पेस किंवा विरामचिन्ह दाबलं की अदलाबदल झालीच. गंमत म्हणजे लाल रेघ आणि आपोआप बदल यांत आधी आला तो बदल. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये ऑटोकरेक्ट १९९३ च्या वर्ड ६ बरोबर आलं, आणि टाइप करता करता उमटणारी लाल नागमोडी रेघ नंतर, वर्ड ९५ मध्ये.

ती यादी डोळे मिटून चालते, आणि याचा फटका शिवाजीनगर कोर्टाच्या आसपास इंग्रजी करारनामे टाइप करणाऱ्यांना नेमका बसतो. पोटकलमं ए, बी, सी अशी कंसात टाकत जायची. ए ठीक, बी ठीक, आणि कंसातला सी टाकला की त्याचं स्वामित्वहक्काचं गोल चिन्ह होतं. कंसातला आर टाकला की नोंदणीकृत ट्रेडमार्कचं. या चिन्हाखाली लाल रेघ येत नाही, कारण स्पेलचेकच्या दृष्टीने तिथे चुकीचा शब्दच नाही. म्हणजे चूक करणारा एक आणि ती पकडू न शकणारा दुसरा. स्टँपपेपरवर प्रिंट निघाली की मगच कुणाच्या तरी लक्षात येतं.

तात्पुरता इलाज कंट्रोल-झेड. बदल झाल्या झाल्या दाबलं तर तुमचं टायपिंग पुसलं जात नाही, फक्त ऑटोकरेक्टने केलेला उद्योग मागे जातो. कायमचा इलाज यादीतली ती ओळच काढून टाकणं. वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग आणि त्यातलं ऑटोकरेक्ट ऑप्शन्स हे बटण. खाली यादी दिसते, ओळ निवडायची आणि डिलीट. ‘रिप्लेस टेक्स्ट ॲज यू टाइप’ ही खूण काढली तर सगळी यादीच झोपते. तेवढं करायची गरज क्वचितच पडते. दुसरी वाट म्हणजे बदललेल्या शब्दावर माउस नेला की खाली बारीक निळी पट्टी दिसते, तिच्यावर गेलं की छोटा मेनू उघडतो आणि त्यात ‘हे बदलणं थांबव’ अशा अर्थाचा पर्याय असतो.

आता खरी गोम. ऑटोकरेक्ट ऑप्शन्सच्या त्याच खिडकीत तळाशी एक चौकोन आहे: ‘ऑटोमॅटिकली यूज सजेशन्स फ्रॉम द स्पेलिंग चेकर’. या चौकोनात खूण असली की दोघं हातमिळवणी करतात. स्पेलचेकला सुचलेला शब्द ऑटोकरेक्ट तुम्हाला न विचारता घालू शकतो. ‘यादीत तर हा शब्द नाहीच, मग बदलला कोणी?’ याचं उत्तर बहुतेक वेळा इथे मिळतं. पुण्यात बसून इंग्रजी लिहिणाऱ्याने ही खूण काढून टाकावी, असं माझं स्पष्ट मत आहे. औंध, धायरी, हडपसर, आपली आडनावं, यांतलं बरंचसं इंग्रजी शब्दकोशाला अनोळखी. त्यांच्याखाली रेघ आली तर येऊ दे. शब्द मात्र जागेवर राहिला पाहिजे. मॅकवर तर ‘करेक्ट स्पेलिंग ऑटोमॅटिकली’ चालू ठेवून बाणेरमधल्या फ्लॅटची जाहिरात लिहा, फ्लॅट बॅनरमध्ये जाऊन बसला तर नवल नाही.

अवतरणचिन्हं आपोआप वाकडी होणं, एक, तिरपी रेघ, दोन असं लिहिलं की त्याचा छोटा अपूर्णांक होणं, हे उद्योग शेजारच्या ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’ या टॅबवर सापडतात. ऑटोकरेक्टची यादी कितीही चाळली तरी तिथे ते दिसणार नाहीत.

मराठीत हा घोळ दुप्पट होतो. युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फाँटांत टाइप केलेला मजकूर आपल्या डोळ्यांना मराठी दिसतो, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरंच असतात. फाँट त्यांच्यावर देवनागरीचे आकार चढवतो. पेठांतल्या डीटीपीवाल्यांकडे अशा जुन्या फायली अजून ढिगाने आहेत. ही फाइल वर्डमध्ये उघडली की स्पेलचेकला ते अगम्य इंग्रजी वाटतं आणि पानभर लाल रेघा उठतात. कधी कधी तर ‘चुका फार झाल्या, आता दाखवत नाही’ असा निरोप देऊन वर्ड हात टेकतो. दिसायला भयंकर, पण यात मजकुराचं काहीच बिघडत नाही. रेघा छापल्या जात नाहीत.

बिघडतं ते त्यात नवं टाइप करताना, ऑटोकरेक्टमुळे, आणि तेही गुपचूप. वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करायचं हा त्याचा नियम. या फाँटांत स्मॉल आणि कॅपिटलच्या जागी दोन निरनिराळी मराठी अक्षरं किंवा अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. त्यामुळे पूर्णविरामानंतरचं पहिलंच अक्षर पालटतं. अवतरणचिन्हाच्या जागी एखादं अर्धं अक्षर असेल तर तेही वाकड्या अवतरणापायी हातचं जातं. अशा वेळी रेघांसाठी मजकूर निवडून रिव्ह्यू, लँग्वेज, सेट प्रूफिंग लँग्वेज इथे ‘तपासू नका’ अशी खूण करावी, आणि अक्षरांसाठी ऑटोकरेक्टमधली कॅपिटलची खूण नि ऑटोफॉरमॅटमधली अवतरणांची खूण काढावी. दोन वेगळी कामं आहेत, एकात दुसरं होत नाही. पत्रिका कोरलड्रॉमध्ये करत असाल तर तिथे याच खात्याचं नाव क्विककरेक्ट आहे.

युनिकोड मराठीत तक्रार साधारण अशी असते: शुद्ध मराठी लिहिलंय तरी रेघा का? बहुधा मजकुरावर चुकीच्या भाषेचा शिक्का असतो. वर्ड तुमच्या कीबोर्डवरून भाषा ठरवतं. हिंदी कीबोर्डने टाइप केलंत आणि हिंदीची तपासणी बसवलेली असेल तर ‘आहेत’खालीसुद्धा रेघ. खाली स्टेटस बारवर भाषेचं नाव असतं, त्यावर क्लिक करून मराठी निवडायची. मराठीची प्रूफिंग साधनं बसवलेलीच नसतील तर उलट होतं: एकही रेघ येत नाही आणि माणूस समजतो, मजकूर निर्दोष आहे.

साधनं असली तरी स्पेलचेक एकेक शब्द सुटा पाहतो. ‘महाराष्ट्र दीन’ लिहिलं तरी तो गप्प, कारण दिन आणि दीन दोन्ही शब्द कोशात. शिर आणि शीर, सुत आणि सूत, तीच गत. इथे मात्र ऑटोकरेक्टला कामाला लावता येतं, त्याचा आंधळेपणाच उपयोगी पडतो. ‘आणी’च्या जागी ‘आणि’, ‘दुध’च्या जागी ‘दूध’ अशा जोड्या यादीत घालून ठेवायच्या. यादी अख्खा शब्द जुळवते, त्यामुळे ‘दुधाचा’ला धक्का लागत नाही, तो नियमाने ऱ्हस्वच हवा. दिन–दीन सारख्या जोड्या मात्र यादीत चुकूनही घालू नयेत, नाहीतर प्रत्येक दीन माणसाचा दिवस होईल.

वर्डबाहेर काय, तेही थोडक्यात. एक्सेल टाइप करताना लाल रेघ दाखवतच नाही, एफ-सेव्हन दाबलं तरच तपासतं. ऑटोकरेक्ट मात्र तिथे चालू असतं, आणि यादी वर्डचीच. लिब्रेऑफिसमध्ये शिफ्ट-एफ-सेव्हनने रेघा चालू-बंद होतात, ऑटोकरेक्ट टूल्स मेनूत आहे. तिथे तिसराच एक इसम भेटतो, वर्ड कम्प्लीशन: लांब शब्द अर्धा लिहिला की उरलेला पुढे दिसतो आणि नव्या ओळीसाठी एंटर मारला की तो अख्खा शब्द चिकटतो. अर्धा शब्द एंटरला आपोआप पूर्ण झाला तर संशयित हा, पूर्ण लिहिलेला शब्द बदलला तर ऑटोकरेक्ट. गूगल डॉक्समध्ये टूल्समधल्या प्रेफरन्सेसमध्ये आपोआप दुरुस्तीची खूण आहे. जीमेलमध्ये स्पेलिंग, व्याकरण आणि ऑटोकरेक्ट यांचे तीन स्वतंत्र पर्याय. विंडोज ११ च्या टाइम अँड लँग्वेज, टायपिंग इथेही दोन वेगळी बटणं आहेत, पण वर्ड त्यांना जुमानत नाही.

उलट तक्रारही येते: चुकीचा शब्द आहे तरी रेघ येत नाही. सोसायटीच्या नोटिशीचं इंग्रजी शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये असतं, आणि कॅपिटलमधले शब्द वर्ड मुळातच सोडून देतं. तीच सवलत आकडे असलेल्या शब्दांना. दोन्ही खुणा प्रूफिंगमध्ये आहेत, काढून टाका. किंवा कधीतरी राइट क्लिकच्या घाईत चुकीचा शब्दच ‘ॲड टु डिक्शनरी’ झालेला असतो. मग तो कायमचा शुद्ध. प्रूफिंगमधल्या कस्टम डिक्शनरीज, एडिट वर्ड लिस्ट इथे जाऊन तो हटवावा लागतो.

नवं मशीन घेताना या दोघांच्या वह्या वेगवेगळ्या उचलायच्या असतात. विंडोजमध्ये तुमच्या ॲपडेटा फोल्डरातल्या रोमिंगमध्ये, मायक्रोसॉफ्ट फोल्डरखाली यूप्रूफ असतं. त्यात स्पेलचेकला शिकवलेले शब्द, कस्टम डॉट डिक नावाने. ऑटोकरेक्टच्या याद्या शेजारच्या ऑफिस फोल्डरमध्ये, शेवटी एसीएल असलेल्या, भाषेगणिक वेगळ्या. अमेरिकन इंग्रजीच्या यादीच्या नावात १०३३ हा आकडा दिसेल. वर्ड बंद करून दोन्हीकडच्या फायली पेनड्राइव्हवर घ्यायच्या आणि नव्या मशीनवर त्याच फोल्डरांत टाकायच्या.