करंगळी निखळली, पैलवानाला पत्ताच नाही

खासबाग मैदानात पाहिलेली एक कुस्ती माझ्या डोक्यातून जात नाही. पंधरा-वीस मिनिटं नुसती झटापट चालली होती. शेवटी एका पोरानं ढाक लावून समोरच्याला चितपट केलं. हलगी कडाडली, लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. खाली उतरल्यावर फेटा बांधणाऱ्याचं लक्ष त्याच्या करंगळीकडं गेलं. ती सांध्यातून निखळून आडवी झाली होती. "हे कवा झालं रं?" पोरानं हाताकडं पाहिलं आणि मग कुठं कळवळून खाली बसलं.

त्याच आठवड्यात शिवाजी पेठेतली माझी मावशी एमआरआयचा रिपोर्ट घेऊन आली. ओट्यापुढं दहा मिनिटं उभं राहवत नाही, इतकी तिची कंबर दुखते. रिपोर्टात मात्र वयानुसार थोडी झीज, एवढंच. घरातले म्हणाले, "काही झालेलं नाही तुला, उगाच मनाला लावून घेतेस."

हे वाक्य मला फार लागतं. त्यामागं एक समज आहे: जखम जेवढी, तेवढंच दुखणार. पण दुखणं म्हणजे जखमेवर लावलेला थर्मामीटर नव्हे.

१९४४ मध्ये इटलीतल्या अँझिओच्या लढाईत हेन्री बीचर हे अमेरिकी भूलतज्ज्ञ जखमी सैनिकांवर उपचार करत होते. वेदनाशामक हवंय का, असं विचारल्यावर गंभीर जखमी असलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जण नको म्हणाले. ते शुद्धीवर होते, बोलत होते. बीचर यांनी अर्थ लावला तो असा, की सैनिकासाठी ती जखम म्हणजे रणांगणातून जिवंत सुटका होती.

पण 'अर्थ' पाठीच्या कण्यापर्यंत पोचतो कसा? मला सगळ्यात भुरळ घालणारा भाग हाच.

बोटातल्या चेतातंतूंना वेदना ठाऊक नसते. ते फक्त धोक्याची खबर धाडतात. जलद तंतूंवरून ती सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगानं जाते, सावकाश तंतूंवरून जेमतेम मीटर-दोन मीटर. म्हणून ठेच लागली की आधी चटका बसतो आणि ठणका मागून येतो. दोन्ही खबरा मेरुरज्जूच्या, म्हणजे कण्यातून जाणाऱ्या चेतातंतूंच्या दोराच्या, मागच्या भागात पोचतात. तिथं एक फाटक आहे, ही कल्पना मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडली. लागलेल्या जागी आपण हात चोळतो, तेव्हा स्पर्शाचे जाड तंतू हेच फाटक थोडं ओढून घेतात.

या फाटकाची दोरी वरूनही ओढता येते. मध्यमेंदूत एका अरुंद नळीभोवती करड्या पेशींचा पुंजका आहे. १९६९ मध्ये रेनॉल्ड्स यांनी उंदरांच्या मेंदूत तिथं बारीक विद्युतप्रवाह सोडला आणि भूल न देता त्यांच्या पोटावर शस्त्रक्रिया केली. हा पुंजका मस्तिष्कपुच्छाला, म्हणजे मेंदूच्या मेरुरज्जूला जोडलेल्या खालच्या टोकाला, हुकूम देतो. तिथं दोन जातींच्या पेशी आहेत. एक जात खबर वाढवते, दुसरी दाबते. दाबणाऱ्या पेशी जोरात आल्या की मेरुरज्जूत अफूसारखी रसायनं सुटतात आणि खबर फाटकातच अडते. यातलं एन्केफेलिन १९७५ मध्ये ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून वेगळं काढलं. भीती, लक्ष, अपेक्षा, जिंकण्याची ईर्षा, सगळं या पुंजक्यापर्यंत पोचतं. हौद्यातल्या त्या पोराचा मेंदू करंगळीपेक्षा डावाला महत्त्व देत होता.

अंगारा लावला, दोरा बांधला, चुंबकाचा पट्टा गुंडाळला आणि बरं वाटलं, असं सांगणाऱ्याला मी खोटं पाडत नाही. श्रेय मात्र चुकीच्या खात्यावर जमा होतं. १९७८ मध्ये दाढ काढलेल्या रुग्णांवर प्रयोग झाला. औषध नसलेल्या औषधानं ज्यांना आराम पडला होता, त्यांना अफूचा परिणाम रोखणारं नॅलॉक्सोन दिल्यावर पुन्हा दुखू लागलं. आराम त्यांच्याच मेंदूतून आला होता. राखेत काही नव्हतं, आणि त्या राखेचे पैसे घेणारा रुग्णाला लुबाडतोच.

उलटंही घडतं. तांबडा रस्सा जीभ भाजतो, पण जिभेवर भाजल्याची खूण नसते. साधारण ४३ अंशांना जागा होणारा उष्णतेचा संवेदकच मिरचीमुळं उघडतो. याच संवेदकाच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस २०२१ च्या नोबेलचे मानकरी ठरले. मावशीचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे. खबरांचा मारा सतत चालू राहिला, तर मेरुरज्जूतल्या पेशी स्वतःच हळव्या होतात आणि साध्या हालचालीलाही धोका समजू लागतात. हे वूल्फ यांनी १९८३ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगात दाखवलं. त्यात "तुझा मणका झिजलाय" हे शब्द कानी पडले की भीती वाढते, आणि खबर वाढवणाऱ्या पेशींना आणखी चेव येतो. खरं तर कंबर अजिबात न दुखणाऱ्यांचे एमआरआय पाहिले, तेव्हा विशीत ३७ टक्के आणि पन्नाशीत ८० टक्के लोकांच्या मणक्यातल्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. (पायातली ताकद गेली, लघवीवरचा ताबा सुटला किंवा दुखण्याबरोबर ताप आला, तर मात्र ताबडतोब डॉक्टर गाठायचा.)

हे आकडे मी मावशीला वाचून दाखवले. चष्मा काढून ती म्हणाली, "म्हणजे मी ढोंग करत नाही न्हवं? मग ते आधी ह्यांना सांग की." काका पलीकडं पेपर वाचत बसले होते. मी त्यांच्याकडं खुर्ची वळवली आणि अँझिओपासून पुन्हा सुरुवात केली.