छाटणीला माणूस लावा, कॉक फिरवायला नको

द्राक्ष बागायतदार बंधू-भगिनींनो,

ऑक्टोबर छाटणी आली की निफाड-दिंडोरीत पेठ-सुरगाण्याच्या मजुरांच्या टोळ्या सगळ्यांना एकाच पंधरवड्यात हव्या असतात. छाटणी, विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं) ही हातांचीच कामं. ती करणारं यंत्र आमच्याकडे नाही. कुणी आहे म्हणालं तर आधी दोन ओळींवर करून दाखवायला सांगा. आम्ही ठिबकचं पाणी आपोआप देणारी यंत्रणा बसवतो. रात्री उठून मोटर चालू करायचं आणि कॉक (व्हॉल्व्ह) फिरवायचं काम तुमच्या माणसाच्या डोक्यावरून काढतो, म्हणजे तो सकाळी पेंगत बागेत येणार नाही.

काय बसवतो?
मोटरला मोबाइल स्टार्टर, प्रत्येक प्लॉटला विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह आणि शेडमध्ये कंट्रोलर. ९ बाय ५ फुटांच्या लागवडीत एकरी साधारण ९६८ वेली. वेलीला ताशी चार लिटरचे दोन ड्रीपर धरले, तर तासाला पावणेआठ हजार लिटर पाणी जातं. प्लॉटला किती तास द्यायचं ते एकदा भरा. कॉक आपोआप बदलतात. मध्येच लाईट गेली तर आल्यावर राहिलेलं पाणी पुरं होतं. फेज गेला किंवा विहीर आटली की मोटर बंद होते आणि तुम्हाला मेसेज येतो.

ऑटो स्विच आहे की, मग हे कशाला?
ऑटो स्विच लाईट आल्याबरोबर मोटर चालू करतो. त्यामुळे गावातल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात आणि डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळते. म्हणून तर महावितरण ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा असं सांगत असतं. आमच्या स्टार्टरमध्ये उशिरा सुरू व्हायची वेळ भरता येते. ती शेजाऱ्यांशी बोलून वेगवेगळी ठेवा. कपॅसिटर मात्र लावाच.

तुमच्याकडे काय राहतं?
फिल्टर. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या गेजवर पाण्याच्या दाबात अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक दिसला की धुवा. कचरा अडकला तर व्हॉल्व्ह उघडाच राहतो, आणि मेसेज मात्र ‘बंद’ असा येतो! वायर पाइपातूनच न्या, उंदरांना ती फार आवडते.

अनुदान
ठिबक संचासाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करा. पूर्वसंमती आल्याशिवाय आमच्याकडूनही खरेदी करू नका.

आम्हाला बोलावण्याआधी विहिरीवर उभं राहून एक फोन लावून बघा. रेंज येत नसेल तर तसं आधीच सांगा. मग मोबाइलवर न चालणारा, साधा टायमरचा कंट्रोलर घेऊन येतो. तो स्वस्तही पडतो.