हॅमिल्टन राष्ट्राध्यक्ष झाले नाहीत, पण जन्मस्थळामुळे नव्हे!

"अलेक्झांडर हॅमिल्टन कॅरिबियन बेटावर जन्मले, म्हणून घटनेने त्यांना अमेरिकेचं राष्ट्राध्यक्षपद नाकारलं." अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या हॅमिल्टनविषयीचं हे वाक्य इतक्यांदा फिरलंय की खरंच वाटतं. पण ते चूक आहे.

अमेरिकी घटनेचं दुसरं कलम नीट वाचा. राष्ट्राध्यक्ष जन्मतः नागरिक हवा, किंवा ही घटना स्वीकारली गेली तेव्हा नागरिक असलेला. सगळी गंमत त्या 'किंवा'त आहे. हॅमिल्टन जन्मले नेव्हिस बेटावर, हे खरं. पण १७८२ मध्येच ते न्यूयॉर्कमध्ये वकील झाले होते आणि १७८७ मध्ये त्याच घटनेवर त्यांनी न्यूयॉर्कतर्फे सही केली. आता त्यांना परका कसं म्हणणार? आणि जन्माचंच काढायचं, तर वॉशिंग्टनही जन्मले ते ब्रिटिश प्रजा म्हणूनच.

मग अडलं कुठे? मला विचाराल तर स्वभावात. पहिले अर्थमंत्री म्हणून त्यांनी वैरी भरपूर जोडले. १७९७ मध्ये स्वतःच्या विवाहबाह्य संबंधाची कबुली स्वतःच छापून मोकळे झाले. १८०० मध्ये तर आपल्याच पक्षाच्या, तेव्हा राष्ट्राध्यक्ष असलेल्या जॉन ॲडम्सवर टीकेचं पत्रक काढलं. पुढे १८०४ मध्ये तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष ॲरन बर यांच्याशी द्वंद्वयुद्धात गोळी लागली आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. पन्नाशीही गाठली नव्हती.