होमस्टेड लोकगीते

अमेरिकेच्या गवताळ मैदानांत सरकारी जमीन घेऊन वसलेल्या शेतकऱ्यांची गाणी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती कॅन्सस, नेब्रास्का, डकोटा या भागांत रुजली. दुष्काळ, टोळधाड, गळके घर आणि एकटेपणा हे त्यांचे विषय. सूर मात्र रडका नाही, टवाळीचा आहे.

१८६२ च्या होमस्टेड कायद्यानुसार नाममात्र शुल्क भरून १६० एकर जमीन मिळे. पाच वर्षे तिथे राहून, घर बांधून ती कसली की मालकी. मेख पावसात होती. साधारण १०० अंश पश्चिम रेखावृत्तापलीकडे वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊसही भरवशाचा नाही. तिथे एवढ्या कोरडवाहू रानावर कुटुंब जगवणे अवघड, आणि मुदतीआधी गाव सोडले तर हक्क बुडे. कॅन्ससमधील लेन काउंटी याच पट्ट्यात येते. ‘सरकारी जमिनीवर उपासमार’ हा विषय असलेले ‘लेन काउंटी बॅचलर’ हे गाणे तिचेच नाव घेते.

चाल बहुधा उसनी असे. ‘लेन काउंटी बॅचलर’ आयरिश नाचाच्या ६/८ तालातील ‘आयरिश वॉशरवूमन’वर बेतलेले आहे. ते ठाय लयीत गायले की पडते: ढेकूण, पिसवा, टोळ यांच्या यादीतला विनोद वेगावरच उभा आहे. ‘लिटल ओल्ड सॉड शँटी’ हे विल हेज यांच्या १८७१ च्या ‘लिटल ओल्ड लॉग कॅबिन इन द लेन’चे विडंबन. लाकडी खोपटाच्या जागी इथे मातीचे घर येते. झाडेच नसल्याने मुळांसकट नांगरून काढलेल्या गवताळ मातीच्या पट्ट्या विटांसारख्या रचत. भिंती जाड, त्यामुळे थंडीत ऊब. पण छतही मातीचे असेल तर पावसात चिखल आत टपके. म्हणून गाण्यांत सर्वाधिक चेष्टा छताची होते.

विडंबनाचा सर्वांत धारदार नमुना ‘डकोटा लँड’. मूळ ‘ब्यूला लँड’ हे स्तोत्र समृद्ध भूमीत पोचल्याचा आनंद गाते आणि समुद्रापलीकडच्या दिव्य निवासांकडे पाहते. विडंबनातला शेतकरी मैदानाकडे पाहत पाऊस का येत नाही, एवढेच विचारतो. स्तोत्र चर्चमुळे सर्वांना पाठ, त्यामुळे टोला समजावून सांगावा लागत नसे. प्रांताचे नाव बदलले की गाणे पुढच्या गावचे होई. कॅनडात त्याचे ‘सस्कॅचेवान’ झाले. ‘ओ ब्यूला लँड’ या चार अक्षरांच्या जागी ‘सस्कॅचेवान’ हे चार अक्षरांचे नाव नेमके बसते.

सगळीच गाणी तक्रारीची नाहीत. १९०४ च्या कायद्याने पश्चिम नेब्रास्कात ६४० एकर देणारे खासदार मोझेस किंकेड यांचे गुणगान ‘किंकेडर्स’मध्ये आहे.

जॉन लोमॅक्स (१९१०) व कार्ल सँडबर्ग (१९२७) यांच्या संग्रहांमुळे यांतील काही पाठ टिकले. पाठातील गावाचे नाव गाणे कुठे गायले गेले हे सांगते. ते तिथेच रचले गेले, असे त्यावरून ठरत नाही.